एकत्रित शोध (अनेक टेबलांतील)

डेटाबेसच्या निरनिराळ्या टेबलांत विभागलेली माहिती संकेतस्थळावरील एकाच शोधचौकटीतून मिळवून देणारी रचना. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या संबंधाधिष्ठित प्रारूपात एक बाब शक्यतो एकाच ठिकाणी नोंदली जाते आणि टेबले समाईक क्रमांकाने जोडली जातात. त्यामुळे नोंदी शुद्ध राहतात, पण शोधणाऱ्याला उत्तर अनेक ठिकाणांहून गोळा करावे लागते.

जमीन नोंदींचे उदाहरण : रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा तालुक्यांच्या जमीन नोंदी एकत्रित शोधाची गरज स्पष्ट करतात. गाव नमुना ७ मध्ये जमिनीचे हक्क, १२ मध्ये पिके, ६ मध्ये फेरफार आणि ८अ मध्ये खातेदाराची गावातील एकूण जमीन नोंदलेली असते. राज्य शासनाच्या महाभूलेख संकेतस्थळावर जिल्हा, तालुका व गाव निवडून सर्व्हे क्रमांकाने, गट क्रमांकाने किंवा नावाने शोध घेता येतो. एखाद्या कुटुंबाची खारजमीन पेण तालुक्यात आणि भातशेती रोहा तालुक्यातील कोलाडजवळ असेल, तर प्रत्येक गावासाठी वेगळा शोध घ्यावा लागतो.

रचना : अशा नोंदींचा एकत्रित शोध तीन प्रकारे बांधता येतो. (१) जॉइन : खातेदार व जमीन ही टेबले खाते क्रमांकाने जोडली जातात. येथे ओळी गुणाकाराने वाढण्याचा धोका असतो. एका जमिनीचे ३ खातेदार व २ फेरफार एकदम जोडले, तर ६ ओळी दिसतात. (२) युनियन : परस्परांशी थेट संबंध नसलेल्या टेबलांचे निकाल समान रकान्यांत आणून एकाखाली एक लावले जातात. प्रत्येक निकालासोबत नोंदीचा प्रकार व मूळ क्रमांक ठेवावा लागतो. (३) स्वतंत्र शोध-टेबल : सर्व टेबलांतील शोधण्याजोगा मजकूर आधीच एकत्र करून ठेवला जातो. शोध जलद होतो. मात्र मूळ नोंद बदलताच हे टेबलही अद्ययावत व्हावे लागते.

वेग : शब्दाच्या आधी व नंतर काहीही चालेल असा ‘लाइक’ शोध साध्या इंडेक्सचा उपयोग करू शकत नाही, प्रत्येक ओळ तपासली जाते. फुल-टेक्स्ट इंडेक्समध्ये शब्द आणि तो आलेल्या नोंदी यांची सूची तयार असते. मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीच्या मायआयसॅम या टेबल-प्रकारात इंडेक्ससाठी शब्दाची किमान लांबी मुळात ४ चिन्हे असते. संगणकाच्या लेखी ‘पेण’ हा शब्द प, एकाराची मात्रा व ण अशा ३ चिन्हांचा असल्याने ही मर्यादा बदलली नाही, तर तो इंडेक्समधून वगळला जातो.

मराठीतील अडचणी : ‘लाइक’ शोधात ‘पेणला’ या रूपात ‘पेण’ सापडते, पण ‘रोह्याला’ या रूपात ‘रोहा’ सापडत नाही, म्हणून सामान्यरूपावरून मूळ शब्द ओळखणारा नियम लागतो. रोहा–रोहे, नागोठणे–नागोठाणे अशी पर्यायी रूपे आणि रायगडचे १९८१ पूर्वीचे कुलाबा हे नाव यांसाठी पर्यायसूची ठेवावी लागते. ‘गोऱ्हे’ या आडनावातील ‘ऱ्ह’ युनिकोडमध्ये ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराने किंवा ‘र’, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह वापरून लिहिला जातो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणक मात्र त्यांना वेगळे मानतो. युनिकोडचे नेहमीचे प्रमाणीकरण हा भेद मिटवत नाही. त्यासाठी स्वतंत्र नियम लिहावा लागतो. देवनागरी व इंग्रजी अंकही नोंद साठवताना आणि शोधताना एकाच रूपात आणावे लागतात.

सुरक्षितता : शोधचौकटीतील मजकूर थेट एसक्यूएल आज्ञेत जोडल्यास डेटाबेसमध्ये घुसखोरी होऊ शकते, तो प्राचल म्हणूनच पाठवावा. नावावरून संपूर्ण तालुक्याचा शोध खुला केल्यास एखाद्याची सर्व मालमत्ता कोणालाही एकत्रित दिसेल, त्यामुळे अधिकारांची मर्यादाही आवश्यक ठरते.

मूल्यमापन : एकत्रित शोधाचे यश आज्ञेच्या चतुराईपेक्षा नोंदींच्या पूर्वतयारीवर अवलंबून असते. मराठी संकेतस्थळाचा शोध मराठीच्या रूपव्यवस्थेचा विचार करून बांधला नाही, तर नोंद अस्तित्वात असूनही नागरिकाला ती नाही असेच उत्तर मिळते.