पिवळ्या गोळीचं घराणं

गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा-देवरीकडच्या सिकलसेलच्या रुग्णाला रोज एक छोटी पिवळी गोळी घ्यायला सांगतात, फॉलिक ॲसिडची. गोंदिया शहरात एखाद्याला ऐन चाळिशीत लकवा मारला, तर डॉक्टर कधीकधी रक्तातलं होमोसिस्टीन तपासायला सांगतात. ही गोळी आणि ही तपासणी एकाच घराण्यातली आहेत. त्या घराण्याचा मूळपुरुष कोण, यावर मात्र माझं पुस्तकांशी भांडण आहे. माझ्या लेखी ती एक बाई आहे आणि तिचा पत्ता मुंबईतल्या परळचा आहे.

पुस्तकातली वंशावळ अशी: 1932 साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी मेथिओनिन हे अमिनो आम्ल तीव्र आम्लात तापवून होमोसिस्टीन मिळवलं. 1962 मध्ये बेलफास्टला काही मुलांच्या लघवीत ते सापडलं. 1969 मध्ये बॉस्टनच्या किल्मर मॅककली यांनी, होमोसिस्टीन वाढलं की रक्तवाहिन्या कडक होतात, असा सिद्धांत मांडला. त्यांच्या पुराव्यातला एक मुलगा आठ वर्षांचा होता आणि 1933 मध्येच पक्षाघातानं गेला होता.

या यादीत 1931 हे साल कुठंच येत नाही, आणि माझी सगळी कथा त्याच सालावर उभी आहे.

लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर 1928 मध्ये मुंबईत आली आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागली. गिरणीत राबणाऱ्या गरीब बाया गरोदरपणी पांढऱ्याफटक पडत आणि कित्येक दगावत. त्यांच्या रक्तातल्या लाल पेशी आकारानं मोठ्या पण संख्येनं कमी असत. विल्सनं आधी त्यांच्या ताटात काय असतं ते पाहिलं. मग तेच अन्न उंदरांना घातलं. उंदीरही फिकट पडले, पण त्यात उवांतून पसरलेल्या एका जंतूचा हात निघाला आणि तो प्रयोग फसला. मग माकडं आली. अखेर उपाय सापडला तो मार्माइटमध्ये. दारूभट्टीत उरलेल्या यीस्टचा हा काळा, खारट अर्क इंग्रज लोक पावाला लावून खात. तो दिल्यावर बायांचं रक्त भरून येऊ लागलं आणि 1931 मध्ये विल्सनं ते ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलं. त्या अनामिक घटकाला पुढं ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले. तो घटक म्हणजे फॉलिक ॲसिड; 1941 मध्ये पालकाच्या पानांतून ते वेगळं काढलं गेलं, आणि 1945 च्या सुमारास अमेरिकेत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूनं ते प्रयोगशाळेत बनवून दाखवलं.

यात होमोसिस्टीन कुठं आलं? डाळ, मासे, अंडी, दूध यांतल्या प्रथिनांतून मेथिओनिन मिळतं. ते वापरलं गेलं की होमोसिस्टीन उरतं. त्याचं पुन्हा मेथिओनिन करायला फोलेट (म्हणजे फॉलिक ॲसिडच) आणि बी-12 लागतात. दुसऱ्या वाटेनं त्याची विल्हेवाट लावायला बी-6 लागतं. ही जीवनसत्त्वं कमी पडली, की राइसमिलमध्ये धान येत राहावं आणि पुढचा पट्टा बंद पडावा, तसा मग रक्तात ढीग साचतो. म्हणजे परळच्या त्या बायांचं होमोसिस्टीन वाढलेलं असणारच. तेव्हा ते कुणी मोजलं नाही, मोजायची सोयच नव्हती. तरी हे मी पैजेवर सांगतो. 1931 ला परळमध्ये उपाय, 1932 ला इलिनॉयमध्ये पदार्थ, 1933 ला बॉस्टनमध्ये बळी. तिघांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

माझ्यावर पहिला आक्षेप यकृतवाल्यांचा. मायनॉट आणि मर्फी यांनी 1926 मध्येच यकृत खाऊ घालून पांडुरोग बरा केला होता, मग विल्सचं नवं ते काय? नवं हे की, यकृताचा शुद्ध केलेला अर्क विल्सच्या रुग्णांना लागूच पडला नाही. त्यात होतं ते बी-12, आणि या बायांना हवं होतं फोलेट.

दुसरा आक्षेप पुण्याचा, आणि तो जड आहे. पुण्यातल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि संशोधक हेल्गा रेफसम यांनी 2001 मध्ये 204 पुणेकरांचं रक्त तपासून निष्कर्ष छापले. 77 टक्के लोकांचं होमोसिस्टीन लिटरमागे 15 मायक्रोमोलच्या वर होतं. फोलेट कमी असलेले थोडेच. खोट होती बी-12 ची, जे शाकाहारात दुधातूनच काय ते मिळतं. म्हणजे महाराष्ट्रात या घराण्याच्या दोन शाखा झाल्या, परळची फोलेटची आणि पुण्याची बी-12 ची.

गोंदिया कुठल्या शाखेत? माझा कयास परळच्या. इथं मामा (माजी मालगुजारी) तलावांतली मासळी ताटात येते, त्यामुळं ती खाणाऱ्या घरांत बी-12 ची ददात पुण्याइतकी नसावी. पण इथं सिकलसेल आहे. विदर्भातल्या या आजाराची नोंद नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी यांनी 1958 मध्येच लॅन्सेटमध्ये केली होती. निरोगी लाल पेशी 120 दिवस जगते, सिकलची दहा-वीस दिवसांत फुटते. नव्या पेशी घडवताना फोलेट झपाट्यानं संपतं. त्यात भात शिजवून पेज ओतून दिली, की पाण्यात विरघळणारं उरलंसुरलं फोलेटही जातं. बिडी ओढणाऱ्यांत होमोसिस्टीन जास्त आढळतं, आणि बिडी तर या जिल्ह्याचा जुना धंदा.

वाढलेलं होमोसिस्टीन रक्तवाहिनीचं अस्तर बिघडवतं, गुठळ्यांना वाव देतं. हृदयविकार आणि पक्षाघाताच्या रुग्णांत ते जास्त सापडतं. पण ते उतरवलं की सगळं टळतं, असं नाही. 2006 मध्ये होप-2 आणि नॉरव्हिट या दोन मोठ्या चाचण्यांत जीवनसत्त्वांनी आकडा खाली आला, हृदयविकाराचे झटके मात्र कमी झाले नाहीत. पक्षाघाताचं चित्र बरं दिसलं: 2015 च्या चीनमधल्या चाचणीत रक्तदाबाच्या औषधाला फॉलिक ॲसिडची जोड दिल्यावर पहिला पक्षाघात सुमारे एक पंचमांशानं घटला.

म्हणून गोंदियाकरांना एवढंच सांगणं: आकडा वाढलेला दिसला तर घाबरू नका, आधी बी-12 आणि फोलेट तपासून घ्या. नुसतं फॉलिक ॲसिड मनानं सुरू करू नका. बी-12 कमी असेल तर रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसांचं नुकसान आत चालूच राहतं. आणि घरात सिकलसेलचा रुग्ण असेल, तर डॉक्टरांनी दिलेली ती पिवळी गोळी एक दिवसही चुकवू नका.