माईंड मॅपचं सॉफ्टवेअर निवडताय? आधी बघा, तुमचा नकाशा बाहेर काढता येतोय का

इन्स्टाग्रामवर अभ्यासाचे रील्स बघत असाल, तर एक गोष्ट हमखास समोर येते. मधोमध एक गोल, त्यात विषयाचं नाव, चारी बाजूंना रंगीत फांद्या आणि प्रत्येक फांदीवर एकेक शब्द. अख्खा धडा एका पानात. खाली कमेंट्स एकच प्रश्न विचारत असतात, "ॲप कुठलं आहे?"

प्रश्न चुकीचा नाही, पण अर्धा आहे. आपल्याला नक्की कसला नकाशा हवाय हे आधी ठरलं पाहिजे. दुसरं म्हणजे, तो नकाशा दोन वर्षांनीही उघडणार आहे का? या दोन गोष्टी कळल्या की ॲप निवडणं फार अवघड राहत नाही.

हे प्रकरण सुरू कुठून झालं?

माहिती फांद्यांमध्ये मांडायची कल्पना जुनी आहे. तिसऱ्या शतकातल्या पोर्फिरी नावाच्या ग्रीक तत्त्वज्ञाने केलेलं वर्गीकरण पुढे झाडाच्या आकृतीत काढलं जायचं. मध्ययुगात युरोपातले विद्यार्थी ती आकृती वापरून तर्कशास्त्र शिकायचे.

'माईंड मॅप' हे नाव मात्र घराघरात नेलं ते टोनी बुझान या ब्रिटिश लेखकाने. १९७४ मध्ये बीबीसीवर त्यांची 'यूज युवर हेड' ही मालिका आली आणि त्याच नावाचं पुस्तकही. त्यांचे नियम सोपे होते. कागद आडवा धरा, मधे चित्र काढा, फांद्या वेगवेगळ्या रंगांत काढा आणि एका फांदीवर एकच शब्द लिहा.

कागदावर यात एक अडचण होती. एकदा काढलेली फांदी हलवता येत नाही. चुकीच्या जागी काढली तर खोडा, नाहीतर नवीन कागद घ्या. १९९० च्या दशकात माईक जेटर नावाचा एक प्रोग्रॅमर ल्युकेमियावरच्या उपचारासाठी बोन मॅरो ट्रान्सप्लांट होऊन बरा होत होता. त्या दिवसांत त्याने हीच अडचण सोडवणारा प्रोग्रॅम लिहिला. पुढे तो 'माईंडमॅनेजर' या नावाने विकला गेला आणि कंपन्यांच्या मीटिंगांमध्ये पोहोचला. आज फोनवर बोटाने फांदी ओढून दुसरीकडे लावता येते, त्या सोयीमागचा विचार हाच.

माईंड मॅप आणि कॉन्सेप्ट मॅप एकच नाहीत

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. एक उदाहरण घेऊ, एमपीएससी करणाऱ्यांच्या ओळखीचं. विषय आहे संयुक्त महाराष्ट्राचा लढा.

माईंड मॅप काढायचा तर मधे विषय येईल. त्यातून चार फांद्या निघतील. आयोग, आंदोलन, व्यक्ती आणि तारखा. आयोगाच्या फांदीवर १९५३ मध्ये नेमलेला फाजल अली आयोग. व्यक्तींच्या फांदीवर सी. डी. देशमुख. तारखांच्या फांदीवर १ नोव्हेंबर १९५६ आणि १ मे १९६०. नकाशा सुटसुटीत झाला. उजळणीला उत्तम.

पण आता प्रश्न आला, "देशमुखांनी केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा का दिला?" नकाशात देशमुख एका फांदीवर आहेत, वर्ष दुसऱ्या फांदीवर आहे आणि कारण कुठेच नाही. कारण माईंड मॅपमध्ये प्रत्येक गोष्ट फक्त मधल्या विषयाशी जोडलेली असते. गोष्टींचा एकमेकांशी काय संबंध, हे तो सांगत नाही.

ते काम कॉन्सेप्ट मॅपचं. हा प्रकार अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये तयार केला. लहान मुलांची विज्ञानाची समज कशी बदलत जाते, याचा ते अभ्यास करत होते. मुलाखतींच्या ढिगातून तो बदल दिसेना, म्हणून त्यांनी मुलांच्या कल्पना चौकटींत मांडल्या आणि चौकटींमध्ये बाण काढले. महत्त्वाची गोष्ट अशी की प्रत्येक बाणावर शब्द लिहिले.

आपलं उदाहरण तसं काढलं तर एक चौकट 'मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय'. तिथून बाण निघतो, त्यावर लिहिलंय 'याच्या निषेधार्थ'. बाण पोहोचतो 'देशमुखांचा राजीनामा, १९५६' या चौकटीत. दुसरा बाण '१ नोव्हेंबर १९५६, द्विभाषिक मुंबई राज्य' इथून निघून 'विभाजन होऊन' असं सांगत '१ मे १९६०, महाराष्ट्र आणि गुजरात' इथे जातो. हे वाचताना वाक्य तयार होतं. वर्णनात्मक उत्तर लिहायचं असेल तर अर्धं काम इथेच होतं.

थोडक्यात, यादी लक्षात ठेवायची असेल तर माईंड मॅप. 'का' आणि 'कसं' समजून घ्यायचं असेल तर कॉन्सेप्ट मॅप.

तिसरा प्रकार: नोंदींचं जाळं

निकलास लुहमान हे जर्मन समाजशास्त्रज्ञ. त्यांनी आयुष्यभर छोट्या कार्डांवर नोंदी केल्या. एका कार्डावर एक विचार, प्रत्येक कार्डाला क्रमांक, आणि संबंधित कार्डाचा क्रमांक तिथेच टिपलेला. अशी सुमारे ९०,००० कार्डं त्यांच्या लाकडी पेट्यांमध्ये जमली. त्यांनी इतकी पुस्तकं लिहिली त्यामागे या पेट्यांचा मोठा हात होता, असं ते स्वतःच सांगायचे.

२०२० मध्ये आलेलं 'ऑब्सिडियन' साधारण याच विचारावर चालतं. तुम्ही नोंद लिहिता, दुसऱ्या नोंदीचं नाव दुहेरी चौकटी कंसात टाकता आणि दुवा तयार होतो. अशा दुव्यांमधून ठिपक्या-रेषांचं जाळं आपोआप दिसायला लागतं. एका परीक्षेपुरतं नाही, तर वर्षानुवर्षं वाचन साठवायचं असेल तर हा प्रकार कामाचा.

मग टूल कुठलं घ्यायचं?

फ्रीप्लेन: पूर्ण मोफत आणि मुक्त स्रोत. 'फ्रीमाईंड' या जुन्या सॉफ्टवेअरमधून निघालेलं. दिसायला साधं, पण इंटरनेटशिवाय चालतं. मोठा अभ्यासक्रम फांद्यांमध्ये बसवायला चांगलं. कॉम्प्युटर मात्र लागतो.

एक्समाईंड: दिसायला देखणं, फोनवरही चालतं. मोफत वापरता येतं, पण काही सोयींसाठी पैसे मोजावे लागतात.

सीमॅपटूल्स: फ्लोरिडातल्या आयएचएमसी या संशोधन संस्थेने बनवलेलं, खास कॉन्सेप्ट मॅपसाठी. बाण ओढला की त्यावर शब्द लिहायची जागा आपोआप येते.

माईंडमायस्टर आणि मिरो: ब्राउझरमध्ये चालतात. चार जणांना एकाच वेळी एकाच नकाशावर काम करायचं असेल, म्हणजे कॉलेजचा ग्रुप प्रोजेक्ट वगैरे, तर सोयीचे. मोफत प्लॅनमध्ये मोजकेच नकाशे किंवा बोर्ड मिळतात.

ऑब्सिडियन: वैयक्तिक वापराला मोफत. कॉम्प्युटर आणि फोन दोन्हींवर. यातल्या 'कॅनव्हास'मध्ये चौकटी आणि बाणही काढता येतात.

मराठीत काम करणार असाल तर एक चाचणी आधीच करा. 'क्षत्रिय', 'राष्ट्र', 'सुऱ्या' असे दोनचार शब्द टाईप करा आणि नकाशाची पीडीएफ काढून बघा. स्क्रीनवर नीट दिसणारी जोडाक्षरं पीडीएफमध्ये तुटू शकतात. दोनशे फांद्या काढून झाल्यावर हे कळण्यापेक्षा पहिल्या दिवशी कळलेलं बरं.

जॅमबोर्डचं काय झालं, ते लक्षात ठेवा

गुगलचं जॅमबोर्ड आठवतंय? लॉकडाऊनमध्ये ऑनलाईन तास घेणाऱ्या शिक्षकांमध्ये ते चांगलंच चाललं. चिकट चिठ्ठ्या लावा, रेषा ओढा, सगळ्या वर्गाला दाखवा. सप्टेंबर २०२३ मध्ये गुगलने ते बंद करणार असल्याचं जाहीर केलं. ऑक्टोबर २०२४ पासून बोर्ड फक्त बघता येऊ लागले, बदल करणं बंद. ३१ डिसेंबर २०२४ ला ॲपचा विषय संपला.

गुगलने वर्षभर आधी सांगितलं होतं आणि बोर्ड दुसऱ्या कंपन्यांच्या टूल्सवर हलवायची सोयही दिली होती. पीडीएफही काढता येत होती. पण पीडीएफमधली चिठ्ठी उचलून दुसरीकडे लावता येत नाही. नकाशाचं चित्र हातात राहतं, नकाशा राहत नाही.

म्हणून कुठलंही टूल घेताना फाईल कुठे साठते हे विचारा. फ्रीप्लेनची फाईल तुमच्या कॉम्प्युटरवर असते आणि ती आतून साध्या मजकुराची असते. नोटपॅडमध्ये उघडली तरी शब्द वाचता येतात. ऑब्सिडियनच्या नोंदीही साध्या मजकुराच्या फाईली असतात, म्हणजे उद्या ऑब्सिडियन नसलं तरी नोंदी वाचता येतील. ऑनलाईन टूल वापरत असाल तर 'एक्स्पोर्ट'मध्ये ओपीएमएल किंवा साध्या मजकुराचा पर्याय आहे का ते बघा. फक्त फोटो आणि पीडीएफ मिळत असेल, तर तुमची मेहनत त्या कंपनीच्या मर्जीवर आहे.

नकाशा काढला म्हणजे लक्षात राहिलं का?

आता कडू गोळी. २०११ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या जेफ्री कार्पिक आणि जेनेल ब्लंट यांचा एक अभ्यास आला. काही विद्यार्थ्यांनी मजकूर समोर ठेवून कॉन्सेप्ट मॅप काढला. दुसऱ्यांनी मजकूर वाचला, बाजूला ठेवला आणि आठवेल ते लिहून काढलं. आठवड्याने परीक्षा घेतली तर दुसरा गट पुढे होता. गंमत म्हणजे परीक्षेत कॉन्सेप्ट मॅपच काढायला सांगितला तरी आठवून लिहिणारेच पुढे राहिले.

याचा अर्थ नकाशे बिनकामाचे असा नाही. पुस्तक उघडं ठेवून रंग भरत बसलात, तर डोक्याला काम पडत नाही, इतकंच. २०२५ पासून गुगलचं नोटबुकएलएम तुम्ही दिलेल्या फाईलींवरून माईंड मॅप आपोआप काढून देतं. मोठ्या अहवालात काय काय आहे याचा अंदाज घ्यायला ते ठीक. पण नकाशा मशीनने काढला आणि आपण फक्त पाहिला, तर फांद्या जोडताना होणारा विचार आपल्या वाट्याला येतच नाही.

उपाय सोपा आहे. धडा वाचा, पुस्तक मिटा, रिकाम्या पानावर आठवेल तो नकाशा काढा. कागदावर काढा, फोनवर काढा, फरक पडत नाही. मग पुस्तक उघडा आणि राहिलेल्या फांद्या वेगळ्या रंगाने जोडा. तो वेगळा रंग म्हणजे तुम्हाला न येणारा भाग. पुढची उजळणी तिथूनच सुरू करा.

आज सुरुवात करायची असेल तर पैसे भरू नका. एकच धडा घ्या, एक मोफत टूल घ्या आणि वीस फांद्यांचा नकाशा काढा. मग तो साध्या मजकुरात बाहेर काढून दाखवा. जमलं, तर टूल ठेवा. नाही जमलं, तर वीस फांद्यांवरच कळलं म्हणून खूश व्हा आणि पुढचं बघा.