ओस्तियाची झोपडी

संत मोनिकेचे देहावसान इ. स. ३८७ मध्ये रोमजवळच्या ओस्तिया बंदरात झाले. आफ्रिकेला परतण्यासाठी मायलेक तेथे थांबले होते. मोनिकेला ताप आला आणि आजाराच्या नवव्या दिवशी तिने प्राण सोडला. संत ऑगस्टीनने आपल्या आत्मनिवेदनाच्या नवव्या खंडात हा प्रसंग लिहून ठेवला आहे. सेमिनरीत तो वाचताना ‘ताप’ या शब्दापाशी आम्ही कधी थबकलो नव्हतो. तो हिवतापच होता असे ठामपणे म्हणता येणार नाही; परंतु पुढे कित्येक शतके ओस्तिया आणि रोमभोवतालचा दलदलीचा मुलूख हिवतापासाठीच कुप्रसिद्ध होता.

१६२३ च्या जुलैत पोप पंधरावे ग्रेगरी वारले. ऐन उन्हाळ्यात कार्डिनल मंडळी नव्या पोपच्या निवडणुकीसाठी एकत्र कोंडली गेली आणि तापाने फणफणू लागली. काही कार्डिनल आणि त्यांचे अनेक सेवक दगावले. निवडून आलेले पोप आठवे अर्बन स्वतःही आजारी पडले. दोष सर्वांनी हवेला दिला. इटालियन भाषेत ‘माल आरिया’ म्हणजे वाईट हवा. मलेरिया हा शब्द तेथूनच आला. सूर्यास्तानंतर दलदलीवरून विषारी वाफ उठते, तेव्हा खिडक्या मिटून घ्या, असे जाणते लोक सांगत. कारण चुकीचे, उपाय मात्र बरोबर!

१८८० साली अल्जीरियात लाव्हेरान या फ्रेंच लष्करी डॉक्टरला रुग्णाच्या रक्तात हिवतापाचे परजीवी दिसले. ते तेथे पोचतात कसे, हे कोडे उलगडण्याचा मान आपल्या देशाला मिळाला. अलमोड्यात जन्मलेल्या रोनाल्ड रॉसने २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत एका डासाच्या जठराच्या भिंतीत ते परजीवी वाढताना पाहिले. त्या डासाने हुसेन खान नावाच्या रुग्णाचे रक्त प्यालेले होते. चावून घेण्याबद्दल त्याला दर डासामागे एक आणा मिळाला. रॉसला १९०२ चे नोबेल पारितोषिक लाभले. हुसेन खानचे नाव आपण सहसा घेत नाही.

पुढल्या वर्षी रॉसने कलकत्त्यात पक्ष्यांच्या हिवतापावर प्रयोग करून दाखवले की, परजीवी शेवटी डासाच्या लाळग्रंथीत जमतात. त्याच वर्षी रोममध्ये ग्रासी व त्याच्या सहकाऱ्यांनी माणसाचा हिवताप अ‍ॅनोफेलिस जातीचा डास पसरवतो हे सिद्ध केले. श्रेयावरून दोघांत झालेला कलह मात्र विद्वानांना शोभणारा नव्हता.

चावते ती केवळ मादी. अंडी पोसण्यासाठी तिला रक्त लागते. रुग्णाच्या रक्ताबरोबर नर-मादी परजीवी तिच्या पोटात जातात, तेथे त्यांचा संयोग होतो आणि साधारण दहा ते चौदा दिवसांनी तिचा डंख घातक बनतो. लाळेवाटे ते दुसऱ्या माणसाच्या शरीरात शिरतात, आधी यकृतात वाढतात, मग रक्तातील तांबड्या पेशींत. या पेशी ठरावीक काळाने एकदम फुटतात, तेव्हा हुडहुडी भरते. आपले वडीलधारे ज्याला एकांतरा म्हणत, त्या एक दिवसाआड येणाऱ्या तापाचे मूळ हेच.

तरीही लोकांना पटेना. म्हणून १९०० साली पॅट्रिक मॅन्सन यांनी त्याच ओस्तियाजवळ जाळीबंद लाकडी झोपडी उभारली. साम्बोन आणि लो हे डॉक्टर सोबत्यांसह तीत जुलै ते ऑक्टोबर राहिले. दिवसा ते मोकळे हिंडत, रात्रीची ‘वाईट हवा’ही घेत, फक्त सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत जाळीबाहेर पडत नसत. क्विनीन कोणी घेतले नाही. आसपासची माणसे तापाने अंथरुणाला खिळली, पण झोपडीतले सारे धडधाकट राहिले.

उलट बाजूही तपासायची होती. रोममध्ये रुग्णाचे रक्त प्यालेले डास लंडनला पाठवण्यात आले आणि मॅन्सन यांच्या तेवीस वर्षांच्या मुलाने ते स्वतःला चावू दिले. तो वैद्यकीचा विद्यार्थी होता. काय होणार ते तो जाणून होता. पित्याच्या मनाची अवस्था काय झाली असेल! मुलाला ताप चढला, रक्तात परजीवी दिसले आणि क्विनीनने तो बरा झाला. नऊ महिन्यांनी, नवा डास न चावताच, ताप उलटला. यकृतात परजीवी सुप्तावस्थेत दडून राहतात, हे कळायला त्यानंतर कितीतरी दशके जावी लागली.