गिरिभ्रमणाची शिदोरी

एका दिवसाच्या अथवा सुटीच्या दोन दिवसांच्या डोंगरयात्रेत बरोबर न्यावयाचे पाणी, अन्न, वस्त्रे व साधने यांचा समुच्चय. शिदोरी म्हणजे मुळात प्रवासासाठी बांधून घेतलेले तयार अन्न. येथे ही संज्ञा व्यापक अर्थाने योजिली आहे. शिदोरीत काय असावे हे प्रवाशाच्या आवडीपेक्षा डोंगर काय पुरवितो आणि काय पुरवीत नाही यावर ठरते. नवी मुंबईच्या परिसरातील डोंगरांच्या संदर्भात या शिदोरीचा इतिहास हा मुख्यतः पाण्याचा इतिहास आहे.

नैसर्गिक पार्श्वभूमी : नवी मुंबईच्या पश्चिमेस ठाण्याची खाडी असून पूर्वेस पारसिकची रांग व खारघरचे डोंगर आहेत. त्यांपलीकडे माथेरान, प्रबळगड व इर्शाळगड, तर पनवेलच्या दक्षिणेस कर्नाळा किल्ला (उंची सु. ४४० मी.) येतो. या प्रदेशात जून ते सप्टेंबर या काळात २५० सेंमी.हून अधिक पाऊस पडतो. तथापि बेसाल्ट खडक, उभे उतार व मातीचा पातळ थर यांमुळे बहुतेक पाणी वाहून जाते. माघ-फाल्गुनात ओढे कोरडे पडतात. डोंगर तापतात आणि खाडीलगतच्या दमट हवेत घाम सुकत नाही. त्यामुळे कमी उंचीच्या चढावरही शरीरातील पाणी व क्षार झपाट्याने घटतात. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथील मैदानावर भरलेल्या एका समारंभात उष्माघाताने दहाहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. चढाचे श्रम नसतानाही येथील ऊन किती घातक ठरते, हे त्यावरून दिसून आले.

पूर्वपरंपरा : जुन्या काळी घाटवाटांनी जाणाऱ्या वाटसरूचे ओझे बेताचे असे. भाकरी, कांदा, कोरडी चटणी, गूळ, क्वचित दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या एवढे अन्न फडक्यात बांधलेले असे. पाण्यासाठी तुंबा, हाती काठी व खांद्यावर घोंगडी असे. घोंगडी हेच अंथरूण, पांघरूण व पावसातील आच्छादन होते. कोकणातील शेतकरी पावसात पानांचे इरलेही वापरीत. एवढ्या अल्प सामानावर भागत असे, याचे कारण वाटेवरची टाकी, विहिरी व पायथ्याच्या वाड्या-पाडे ही प्रवाशाच्या शिदोरीचाच भाग होती. किल्ल्यांवर पाण्याची सोय ही बांधणीची पहिली अट मानली जाई. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील आज्ञापत्र या ग्रंथात गडाची जागा निवडताना आधी उदक पाहावे, ते नसल्यास खडक फोडून टाकी बांधावीत आणि एका झऱ्यावर विसंबू नये, अशा आशयाची ताकीद आहे. कर्नाळ्याच्या सुळक्याच्या पायथ्याशी असलेली खोदीव टाकी याच व्यवस्थेची साक्ष देतात. १८१८ नंतर किल्ल्यांवरील शिबंदी उठली आणि टाक्यांचा गाळ काढणारे हातही गेले. पुढील काळातील भटक्यांना पाणी स्वतः वाहून न्यावे लागले, ते बव्हंशी यामुळे.

आधुनिक कालखंड : नियमित डोंगरयात्रेस साप्ताहिक सुटी व स्वस्त वाहन या दोन गोष्टी आवश्यक होत्या. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे १८९० मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी कामगारांची रविवारची सुटी मान्य केली. १९४८ मध्ये सुरू झालेल्या राज्य परिवहनाच्या गाड्यांमुळे किल्ल्यांच्या पायथ्याची गावे आवाक्यात आली. १९५३ मधील एव्हरेस्ट विजयानंतर गिर्यारोहणाविषयी कुतूहल वाढले. मुंबईत ‘गिरिविहार’ ही संस्था १९५४ मध्ये स्थापन झाली. गो. नी. दांडेकर (१९१६–९८) यांच्या दुर्गभ्रमणाने व लेखनाने मराठी तरुणांना गडांची ओढ लावली. या काळातील भटक्यांजवळ लष्करी पद्धतीची कॅनव्हासची पाठपिशवी, पाण्याची बाटली, विजेरी व कापडी बूट असत. रात्रीच्या मुक्कामास तांदूळ, डाळ व पातेले नेण्याची रीत होती.

सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली, वाशीचा खाडीपूल १९७३ मध्ये व मानखुर्द-वाशी लोहमार्ग १९९२ मध्ये खुला झाला. वस्ती डोंगराच्या पायथ्याला येऊन भिडली. एके काळी दिवसभराच्या प्रवासानंतर येणारा डोंगर घराच्या खिडकीतून दिसू लागला. जवळच्या डोंगराला तयारी लागत नाही, असा समज त्यातून बळावला. अर्धा लिटर पाणी व साध्या चपला एवढ्यावर चढू लागणारा प्रवासी ही या सान्निध्याचीच निष्पत्ती होय.

वस्तूंची यादी : अमेरिकेतील सीॲटल येथील ‘द माउंटेनीअर्स’ या संस्थेने १९३० नंतरच्या दशकात दहा अत्यावश्यक वस्तूंची यादी रूढ केली. नकाशा, होकायंत्र, उन्हाचा चष्मा व मलम, जादा अन्न, जादा कपडे, विजेरी, प्रथमोपचार साहित्य, चाकू, आगकाड्या व आग पेटविण्याचे साधन या त्या वस्तू होत. हिमाच्छादित व झऱ्यांच्या प्रदेशातील या मूळ यादीत पाण्याला स्वतंत्र स्थान नव्हते. सह्याद्रीत मात्र ते पहिले आहे. दिवसभराच्या चालीसाठी प्रत्येकी किमान तीन लिटर, उन्हाळ्यात त्याहून अधिक पाणी घ्यावे. तीन लिटरांचे वजन तीन किग्रॅ. भरत असल्याने इतर ओझे त्या मानाने कमी करावे. पाण्याबरोबर मीठ-साखर किंवा क्षारसंजीवनीची पुडी असावी. १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रुग्णांसाठी हे मिश्रण मोठ्या प्रमाणावर वापरून त्याची उपयुक्तता सिद्ध केली.

अन्नात पोळी-भाजी, थालीपीठ, दाणे-गूळ, खजूर यांसारखे टिकाऊ पदार्थ सोयीचे. टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, खाचदार तळव्यांचे बूट, विजेरी, शिट्टी, मलमपट्टी व नेहमीची औषधे सर्व ऋतूंत लागतात. पावसाळ्यात कोरडे कपडे जलाभेद्य पिशवीत ठेवावेत. कर्नाळ्याच्या सुळक्यावर आग्या मोहोळे असल्याने उग्र सुगंधी द्रव्ये व धूर वर्ज्य समजावा. भ्रमणध्वनी उपयुक्त असला, तरी दऱ्यांत संपर्क तुटतो. म्हणून जाण्याची वाट व परतीची वेळ घरी सांगून ठेवणे इष्ट.

मर्यादा व जबाबदारी : काही संकटांवर पिशवीतील कोणतीही वस्तू चालत नाही. खारघरच्या पांडवकडा धबधब्यावर अनेकांचे बळी गेल्यामुळे पावसाळ्यात तेथे प्रवेशबंदी घालण्यात येते. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली. गडावर जाणाऱ्यांचा आधार असलेली ही ठाकरांची वाडी होती. अतिवृष्टीत डोंगरावर न जाणे हाच अशा प्रसंगी एकमेव उपाय होय.

शिदोरीतील सर्वांत अलीकडील भर म्हणजे कचरा परत आणण्याची रिकामी पिशवी. पूर्वीच्या वाटसरूचे फडके, पान व तुंबा डोंगरावर काही मागे ठेवीत नसत. प्लॅस्टिकचे तसे नाही. कर्नाळा परिसर १९६८ पासून पक्षी अभयारण्य आहे, तर राज्यात अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर २०१८ पासून बंदी आहे. टाक्यात पडलेली बाटली पुढच्या तहानलेल्याचे पाणी नासविते आणि त्याच्या पाठीवरचे ओझे वाढविते. टाकी स्वच्छ राखणे हा म्हणूनच शिदोरीचाच एक भाग मानावयास हवा.