फ्रीस्टाइल स्कीइंग : प्रगतीची ही घाई आली कुठून?

माझी धाकटी बहीण कॅनडात, कॅलगरीला असते. तिचा सोळा वर्षांचा मुलगा फ्रीस्टाइल स्कीइंग शिकतो. गेल्या हिवाळ्यात फोनवर तो म्हणाला, “मामू, दोन सीझन झाले, मी अजून तीनशेसाठवरच आहे. माझ्यानंतर आलेली पोरं सातशेवीस करायला लागली. माझ्यातच काही कमी आहे का?”

मला स्कीइंग येत नाही. बर्फ मी पाहिला तोही एकदाच, सहलीत. पण इतिहास वाचण्याची सवय असल्यामुळे असा प्रश्न आला की माझे लक्ष आधी मोजपट्टीकडे जाते. तीनशेसाठ, सातशेवीस ही शिडी कुणी उभी केली? आणि तिच्यावर किती वेगाने चढायचे, हे कुणी ठरवले?

आधी थोडी ओळख. पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत येणे म्हणजे स्कीइंग. आपल्याकडे ते गुलमर्गमुळे माहीत आहे. तिथे १९२७ साली इंग्रज अधिकाऱ्यांनी स्की क्लब काढला होता. काश्मीरचा आरिफ खान २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता आणि जायंट स्लॅलम शर्यतीत तो ४५ वा आला. पण आरिफचा प्रकार अल्पाइन. तिथे घड्याळ निकाल लावते. काल तुम्हाला किती सेकंद लागले आणि आज किती, हे स्वच्छ दिसते. फ्रीस्टाइलमध्ये खेळाडू हवेत उडी घेतो, गिरकी मारतो, कोलांटी घेतो आणि गुण माणसे देतात. एक पूर्ण गिरकी म्हणजे ३६० अंश, दोन म्हणजे ७२०, तीन म्हणजे १०८०. त्याच्या एका प्रकाराला ‘मोगल’ म्हणतात. आपल्या इतिहासातल्या मोगलांचा त्याच्याशी काही संबंध नाही, नाहीतर आमच्याकडे त्यावरही वाद झाला असता. ऑस्ट्रियाकडच्या जर्मन बोलीत ‘मुगल’ म्हणजे छोटा उंचवटा. अशा उंचवट्यांनी भरलेल्या उतारावरून खाली यायचे, असा तो प्रकार.

या खेळाच्या सुरुवातीला शिडी नव्हतीच. नॉर्वेच्या स्टाइन एरिक्सनने १९५२ च्या ओस्लो ऑलिंपिकमध्ये जायंट स्लॅलमचे सुवर्ण जिंकले आणि पुढे तो अमेरिकेत स्थायिक झाला. तिथल्या स्की रिसॉर्टवर जमलेल्या लोकांसमोर तो पायात स्की असताना हवेत कोलांटी घेऊन दाखवायचा. त्याचे वडील १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमधले जिम्नॅस्ट. घरातले कसब मुलाने बर्फावर नेले. ही कोलांटी एरिक्सनची ओळख बनली. ‘एक झाली, आता दोन कधी?’ असे त्याला विचारण्यासारखी कुठली यादीच तेव्हा अस्तित्वात नव्हती.

साठ-सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या तरुणांनी या प्रकाराला ‘हॉटडॉगिंग’ म्हटले. त्यात बंडखोरी होती. शर्यतीचे झेंडे, प्रशिक्षकाची शिट्टी, शिस्तीत घेतलेली वळणे या सगळ्याला कंटाळलेली ही पोरे होती. १९७१ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या वॉटरव्हिल व्हॅलीत त्यांची मोठी व्यावसायिक स्पर्धा भरली. तिच्यात तिसरा आलेला वेन वाँग हा चिनी वंशाचा कॅनेडियन तरुण पुढे या खेळाचा चेहरा झाला. गोऱ्यांच्या या खेळात एका स्थलांतरित समाजातला मुलगा चेहरा बनतो, याची नोंद घ्यायला हवी. त्याची ‘वाँग बँगर’ नावाची करामत प्रसिद्ध होती. करामतीला माणसाचे नाव असायचे, आकडा नसायचा, हा मला त्या काळाचा सगळ्यात मोठा फरक वाटतो. नाव असले की ती गोष्ट त्या माणसाची होते. आकडा आला की लगेच पुढचा आकडा दिसू लागतो.

पण त्या मोकळेपणाची किंमतही जबर होती. उलट्या उड्यांमध्ये मणक्याला गंभीर दुखापती झाल्या, तरुण खेळाडू कायमचे अपंग झाले. विम्याचा प्रश्न उभा राहिला, रिसॉर्टचे मालक धास्तावले, अनेक ठिकाणी उलट्या उड्यांना बंदी झाली. १९७९ मध्ये आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने फ्रीस्टाइलला मान्यता दिली, ती देतानाच खेळाडू आणि उड्यांचे प्रमाणन कसे करायचे याचे नियम घातले. म्हणजे या खेळाला जेव्हा पहिल्यांदा अधिकृत दर्जा मिळाला, तेव्हा सोबत ब्रेकही मिळाला. मोठी उडी आधी उन्हाळ्यात उतारावरून पाण्याच्या तलावात मारायची, ती तिथे पक्की झाली की मग बर्फावर न्यायची, ही पद्धत हवाई उड्यांच्या प्रकारात रूढ झाली. मला हा टप्पा महत्त्वाचा वाटतो, कारण ‘हळू शिकणे म्हणजे मागे पडणे’ हे समीकरण या खेळाच्या स्वतःच्या अनुभवाने कधीच खोटे ठरवले होते.

मग घाई कुठून आली? काही अंशी गुणांच्या हिशेबातून. हवाई उड्यांमध्ये पंच उडीची उंची, शरीराची ठेवण आणि उतरणे यांना गुण देतात आणि त्या बेरजेला उडीच्या काठिण्याने गुणतात. गुणाकार आला की अवघड उडीचा मोह वाढतोच. ऑलिंपिकमध्ये १९९२ ला मोगल आले, १९९४ ला हवाई उड्या आल्या. संगीतावर नाचल्यासारखा एक ‘बॅले’ प्रकारही होता. तो १९८८ आणि १९९२ ला नुसता दाखवण्यापुरता राहिला आणि नंतर स्पर्धांमधूनच गेला. ज्याच्यात आकड्याची चढाओढ कमी, तो प्रकार टिकला नाही. मला याचे वाईट वाटते.

खरा वेग मात्र १९९८ नंतर आला आणि त्याचे कारण होते एक वस्तू. माइक डग्लस, जे. पी. ऑक्लेअर यांच्यासारख्या काही कॅनेडियन खेळाडूंना मोगलच्या बंधनांचा कंटाळा आला होता. त्यांच्या आग्रहातून सालोमन कंपनीने दोन्ही टोके वर वळलेली स्की बाजारात आणली. तोवरच्या बहुतेक स्कींचे पुढचेच टोक वर असायचे, त्यामुळे उलटे, म्हणजे पाठ पुढे करून उतरणे कठीण होते. आता पाठमोरे उडायचे आणि पाठमोरेच उतरायचे, हे सोपे झाले. त्या स्कीचे नाव काय ठेवले? ‘टेन-एटी’. म्हणजे १०८०. वस्तूच्या नावातच उद्दिष्ट छापले गेले! दुकानातून ती घेऊन येणारा प्रत्येक मुलगा तेव्हापासून तीन गिरक्यांचे देणे डोक्यावर घेऊन येत असणार.

पुढे आकडे भराभर वाढले. २०२५ च्या जानेवारीत अॅस्पेनच्या एक्स गेम्समध्ये इटलीच्या मिरो ताबानेल्लीने २३४० अंश, म्हणजे साडेसहा गिरक्या पूर्ण केल्या. माझा भाचा हे सगळे फोनच्या पडद्यावर, दहा सेकंदांच्या तुकड्यात पाहतो. त्या दहा सेकंदांच्या आधी काय होते, ते पडद्यावर येत नाही.

बीजिंगमधले उदाहरण घ्या. ८ फेब्रुवारी २०२२ ला बिग एअरच्या अंतिम फेरीत फ्रान्सच्या तेस लेद्युने पहिल्याच उडीत १६२० केले. चीनकडून खेळणाऱ्या आयलीन गूने शेवटच्या उडीत, स्पर्धेत आधी कधीही न केलेली १६२० मारली आणि सुवर्ण नेले. वय अठरा. जगाला ही अचानक घेतलेली झेप वाटली. पण ती तिसऱ्या वर्षापासून स्कीवर होती. झेपेच्या मागे पंधरा हिवाळे होते, शिवाय ते कॅलिफोर्नियातले.

उलट बाजूचे उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या अलिसा कॅम्प्लिनचे. तिने बर्फ पहिल्यांदा पाहिला तो एकोणिसाव्या वर्षी आणि २७ व्या वर्षी, २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये हवाई उड्यांचे सुवर्ण जिंकले. आठ वर्षांत शून्यापासून सुवर्ण! पण शून्य कुठले? ती लहानपणापासून जिम्नॅस्ट होती. हवेत स्वतःचे शरीर कुठे आहे हे ओळखण्याची विद्या तिच्याकडे आधीच होती, शिकायचे राहिले होते ते बर्फ. एरिक्सनच्या घरातही हेच होते. म्हणून दोन मुलांची तुलना करताना ‘स्की कधी सुरू केली’ या तारखेला फारसा अर्थ राहत नाही.

तिसरे उदाहरण मला सर्वांत आवडते. निक गेपर हा अमेरिकेच्या इंडियाना राज्यातला. इंडियाना म्हणजे मक्याची शेते, डोंगर नाहीत. तो ज्या पर्फेक्ट नॉर्थ नावाच्या टेकडीवर शिकला, तिची उंची सुमारे ४०० फूट. या मुलाने २०१४ ला स्लोपस्टाइलमध्ये कांस्य, २०१८ ला आणि २०२२ ला रौप्य मिळवले. छोट्या टेकडीचा एक फायदा असतो. खाली आलात की काही मिनिटांत परत वर, पुन्हा उडी. मोठ्या डोंगरावर दिवसभरात जितक्या उड्या होतील, त्यापेक्षा कितीतरी जास्त इथे एका संध्याकाळी होतात. आपल्याकडे गवई किती वर्षे शिकला यापेक्षा रियाज किती केला हे विचारतात, तसेच हे. याच गेपरने सोचीच्या पदकानंतर आपण नैराश्यात गेलो, दारूकडे वळलो, हेही उघडपणे सांगितले आहे. पदक मिळाल्यावरही ‘पुढे काय’ सुटले नव्हते.

इंडियानावरून आणखी एक गोष्ट आठवली, आणि ती भाच्याच्या प्रश्नाला थेट भिडते. १८९७ मध्ये इंडियाना विद्यापीठातल्या ब्रायन आणि हार्टर या दोघांनी तार शिकणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तार पाठवण्याचा वेग आठवड्यागणिक वाढत होता. ऐकून उतरवून घेण्याचा वेग मात्र काही काळ वाढून मग थबकायचा, कित्येक आठवडे आलेखाची रेघ आडवी, आणि नंतर एकदम वर. त्या आडव्या रेघेला त्यांनी ‘पठार’ म्हटले. त्यांचे म्हणणे असे की शिकणारा तेव्हा रिकामा बसलेला नसतो. एकेक अक्षर ओळखणे त्याच्या अंगवळणी पडत असते, ते पुरते मुरले की तो शब्दच्या शब्द ऐकू लागतो. पुढे १९५८ मध्ये फ्रेड केलर या मानसशास्त्रज्ञाने हे पठार म्हणजे भास आहे, असा प्रतिवाद केला. सगळ्यांच्या आलेखात ते येतेच असे नाही, हे खरे. पण ज्याच्या आलेखात येते त्याने लगेच स्वतःला कमी समजावे, असे दोन्हीकडून निघत नाही.

भाच्याला मी तीन गोष्टी विचारल्या. आठवड्यात तुझ्या उड्या किती होतात? खाली उतरायला बर्फच असतो की हवेची गादी? आणि ती सातशेवीसवाली मुले आधी काय शिकली होती? उत्तरे अशी : तो फक्त शनिवारी जातो, दहा-बारा उड्या होतात, गादीवर कधी गेलेला नाही. पुढे गेलेल्या दोघांपैकी एक सहा वर्षे जिम्नॅस्टिक्स करत होता, दुसऱ्याच्या घरच्या अंगणात ट्रॅम्पोलिन आहे. माझ्या बहिणीला गादीच्या शिबिराची फी परवडेल की नाही, हा पुढचा प्रश्न. तो तिच्या पगाराचा आहे, पोराच्या लायकीचा नाही. मोगलच्या गुणांची वाटणीही मी त्याला वाचून दाखवली : वळणांना ६० टक्के, वेगाला २०, आणि दोन्ही उड्यांना मिळून २०. वळणे त्याची चांगली आहेत, असे त्याचा प्रशिक्षक सांगतो. हे त्याने मला इतके दिवस सांगितलेच नव्हते.

एक नाव मात्र मी त्याच्याशी बोलताना टाळले, इथे टाळणार नाही. कॅनडाची सारा बर्क. हाफपाइप, म्हणजे बर्फात कोरलेली अर्ध्या नळीसारखी लांब घळ, हा तिचा प्रकार. स्पर्धेत १०८० यशस्वी करणारी ती पहिली स्त्री. मुलींना मुलांच्या बरोबरीने या खेळात जागा मिळावी, हाफपाइप ऑलिंपिकमध्ये यावे, म्हणून ती वर्षानुवर्षे झगडली आणि २०११ मध्ये ते मान्यही झाले. १० जानेवारी २०१२ रोजी युटातल्या पार्क सिटीमध्ये सराव करताना ती पडली, नऊ दिवसांनी गेली. वय २९. त्या दिवशी ती कुठला नवा आकडा गाठायला निघाली नव्हती. गिरकी होती ५४० अंशांची, तिने गाजवलेल्या आकड्याच्या बरोबर निम्मी.

दोन वर्षांनी, २० फेब्रुवारी २०१४ रोजी सोचीत स्त्रियांची हाफपाइप स्पर्धा ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा झाली. अमेरिकेच्या मॅडी बोमनने ती जिंकली.