काँगोची माती आणि काँगोच्या बाया

बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याने १८८५ मध्ये काँगो ही आपली खाजगी मालमत्ता करून घेतली. युरोपला टायरांसाठी रबर हवे होते. पुरुषांनी जंगलात जाऊन ते गोळा करावे म्हणून शिपाई गावातल्या बायकांना ओलीस धरत. ठरलेले रबर आले की सुटका. तोवर उपासमार आणि अत्याचार. १९०८ मध्ये राजाची मालकी संपली; पण बाईच्या देहावर हात टाकून मातीतले धन लुटण्याची रीत संपली नाही.

१९९८ मध्ये पूर्व काँगोत पुन्हा युद्ध पेटले, तेव्हा रबराच्या जागी कोल्टन होते. त्यातले टँटलम मोबाईल व संगणकात लागते. २००० साली त्याचे भाव भडकले. सशस्त्र टोळ्यांनी खाणी बळकावल्या आणि गावे दहशतीखाली ठेवण्यासाठी बलात्कार हे हत्यार झाले. सरकारी सैनिकही यातून सुटले नाहीत. बुकावूच्या पान्झी रुग्णालयात डॉ. डेनी मुकवेगे यांनी १९९९ पासून अशा हजारो स्त्रियांवर उपचार केले. २०१८ चे शांततेचे नोबेल त्यांना नादिया मुराद यांच्यासह मिळाले.

खनिज हे या युद्धाचे एकमेव कारण नव्हे. जमिनीचे तंटे, वांशिक वैर, शेजारी राष्ट्रांचे डावपेचही आहेत. तरी लढण्याचा बराच खर्च खाणीतून निघतो. अमेरिकेने २०१० मध्ये कायदा करून कंपन्यांना खनिजाचा उगम जाहीर करायला लावले. तरीही एप्रिल २०२४ मध्ये रुबायाच्या कोल्टन खाणी एम-२३ या बंडखोरांच्या हाती गेल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये बुकावूही पडले.

दगड कोठून आला, हे कायदा विचारतो. त्या गावातल्या बाईचे काय झाले, हे कोण विचारणार?