डागडुजीचा इतिहास : फिरत्या सिनेमाचा ट्रक आणि घाटावरची गावे

आपले सांस्कृतिक इतिहास बहुधा कर्त्यांचे इतिहास असतात. नाटककार, दिग्दर्शक, नट, फार तर निर्माता यांची नावे त्यांत येतात. मराठी चित्रपटाचा इतिहास ३ मे १९१३ या दिवशी प्रदर्शित झालेल्या ‘राजा हरिश्चंद्र’पासून सुरू होतो आणि पुढे एका स्टुडिओतून दुसऱ्या स्टुडिओत जातो. परंतु तयार झालेला चित्रपट आणि तो पाहणारा खेड्यातला माणूस यांच्यामध्ये अनेक दशके एक वाहन उभे होते, याची नोंद या इतिहासात क्वचितच आढळते. हे वाहन म्हणजे टुरिंग टॉकीजचा ट्रक. त्यात प्रक्षेपक असे, रिळांचे डबे असत, तंबूचे कापड आणि बांबू असत. आणि त्याच्या आसऱ्याने चार-सहा माणसे वर्षातले काही महिने संसार करीत असत. जुना झालेला हा ट्रक चालता ठेवणे हे त्या माणसांचे रोजचे काम होते. प्रस्तुत लेखात या कामाचा विचार करावयाचा आहे.

त्यासाठी बुलढाणा जिल्ह्याचा भूगोल सोयीचा आहे. या जिल्ह्यातला माणूस आपला मुलूख ‘घाटावरचा’ आणि ‘घाटाखालचा’ असा सांगतो. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यातली काळी, कपाशीची जमीन. १८६० नंतरच्या दशकात भुसावळ-नागपूर लोहमार्ग या पट्ट्यातून गेला आणि मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही स्थानके जगाशी जोडली गेली. १८७० मध्ये जलंबहून खामगावपर्यंत फाटाही निघाला, तो तिथल्या कापसाच्या बाजारासाठी. घाटावरच्या चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा या गावांपर्यंत मात्र आजही रेल्वे पोचलेली नाही. खामगाव-जालना मार्गाची चर्चा पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे, रूळ पडलेले नाहीत.

या भौगोलिक वस्तुस्थितीचा रंजनाच्या इतिहासाशी थेट संबंध आहे. रेल्वेने येणारी नाटक मंडळी सामानसुमान घेऊन मलकापूर-खामगावात उतरू शकत होती. घाट चढून वर जायचे तर स्वतःची चाके हवीत. आधी ती बैलगाडीची, म्हणजे वऱ्हाडी बोलीतल्या बंडीची होती, नंतर मोटारीची झाली. राजूर घाट किंवा बोथ्याचा घाट चढताना भरलेल्या जुन्या ट्रकच्या रेडिएटरमधले पाणी उकळते, आणि उतरताना ब्रेकची परीक्षा होते. चढावर गाडी थांबली की खाली उडी मारून चाकामागे दगड लावणारा किन्नर (‘क्लीनर’चे हे आपल्याकडचे रूप) हा या रंजनव्यवहाराचा पहिला कामगार होता, असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये.

चित्र घेऊन फिरण्याची परंपरा आपल्याकडे सिनेमाहून जुनी आहे. कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ या भारदस्त नावाने मॅजिक लँटर्नचे खेळ सुरू केले. काचांवर हाताने रंगवलेली चित्रे दिव्यापुढे सरकवून ते कथा सांगत आणि गावोगाव जात. काच फुटली, रंग उडाला, तर ती पुन्हा रंगवणारा हात घरचाच होता. फाळक्यांनी १९१२ मध्ये इंग्लंडहून कॅमेऱ्याबरोबर फिल्मला भोके पाडण्याचे यंत्रही आणले आणि ते काम घरीच केले. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास दादा मिस्त्रींच्या साहाय्याने देशी कॅमेरा तयार केला. यंत्र उघडून पाहणे, त्याचे अवयव ओळखणे, नसलेला अवयव घडवणे हा मराठी चित्रपटाच्या आरंभकाळाचा स्वभाव होता. पुढे स्टुडिओ मोठे झाले, कामांची विभागणी झाली. तो स्वभाव मात्र टुरिंग टॉकीजच्या ट्रकमध्ये टिकून राहिला.

तो का टिकला, याचे कारण आर्थिक आहे. फिरत्या सिनेमाचे पंचांग म्हणजे जत्रांचे पंचांग. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो आणि पावसाच्या तोंडावर संपतो. उरलेले महिने ट्रक उभा. वर्षातले काही महिनेच कमावणाऱ्या धंद्याला नवे वाहन परवडत नाही. म्हणून दुसऱ्यांनी वापरून टाकलेले वाहन घ्यायचे आणि चालवत राहायचे. स्वातंत्र्यानंतर देशात फार्गो-डॉज, बेडफर्ड, आणि १९५४ पासून टाटा-मर्सिडीज असे ट्रक तयार होऊ लागले किंवा जोडले जाऊ लागले. त्यांतले काही मालवाहतुकीतून निवृत्त झाल्यावर अशा दुसऱ्या आयुष्याला लागत. कंपनीने ते मॉडेल बंद केले की सुटे भाग मिळेनात. मिळाले तरी ते दूरच्या शहरात, आणि बिघाड मात्र उद्या ज्या गावी खेळ आहे त्याच्या अलीकडच्या माळावर. अशा वेळी जो उघडू शकतो तोच पोचू शकतो.

उभे राहणे हे वाहनाला चालण्याइतकेच बाधते, हे इथे ध्यानात घेतले पाहिजे. चार महिने पावसात उभ्या असलेल्या ट्रकचे काय होते? टायर एकाच जागी दबतात, बॅटरी उतरते, ब्रेकच्या ड्रमला आतून गंज धरतो. डिझेलच्या टाकीत ओल साचून पाणी तळाशी बसते. उंदीर वायरी कुरतडतात, लाकडी बॉडीच्या फळ्या फुगतात, तंबूच्या कापडाला बुरशी येते. म्हणून जाणता मालक पावसाळ्याआधी ट्रक ठोकळ्यांवर चढवून ठेवी, की कमानपाट्यांवरचा आणि टायरवरचा भार हलका व्हावा. बॅटरी सोडवून घरात नेई. दसऱ्याच्या आसपास उलट क्रमाने काम सुरू होई. टाकीच्या तळाचे पाणी सोडायचे, डिझेलच्या नळीत धरलेली हवा हातपंपाने काढायची, सांध्यांना ग्रीस भरायचे, तुटलेला पाटा लोहाराकडून भट्टीत घालून आणायचा. दसऱ्याला यंत्रांची पूजा होते त्याआधी ती पुसली जातात, आणि पुसताना त्यांची भेग दिसते. पूजेचा हा व्यावहारिक अर्थ कारागिराला सांगावा लागत नाही.

ट्रकच्या पोटातले दुसरे यंत्र याहून नाजूक. पस्तीस मिलिमीटरची फिल्म सेकंदाला चोवीस चित्रे, म्हणजे मिनिटाला नव्वद फूट या गतीने धावते. एक हजार फुटांचे रीळ अकरा मिनिटांत संपते. तीन तासांच्या चित्रपटाला सोळा हजार फुटांहून अधिक फिल्म लागते. प्रत्येक चित्र भिंगापुढे क्षणभर थांबले पाहिजे, आणि हे थांबणे-सरकणे चार भुजांच्या एका लहानशा चाकावर, ‘माल्टीज क्रॉस’वर अवलंबून असते. त्याची झीज झाली की पडद्यावरचे चित्र थरथरू लागते. दिवा कार्बनच्या दोन कांड्यांचा. त्या जळत जळत आखूड होतात, म्हणून त्यांच्यातले अंतर सतत सांभाळावे लागते. जुनी प्रत असेल तर फिल्म तुटते, ती जोडताना एक-दोन चित्रे कापली जातात. गावोगाव फिरलेली प्रत त्यामुळे मूळ चित्रपटाहून थोडी आखूड झालेली असे. ज्याला आपण ‘संहिता’ म्हणतो ती घाटावरच्या प्रेक्षकापर्यंत अशी सांधलेल्या रूपात पोचत होती.

साहित्याच्या अभ्यासकाला हे अनोळखी वाटू नये. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. हस्तलिखितांच्या प्रवासात शिरलेले अपपाठ त्यांनी काढले आणि पुढच्यांनी त्यात आपली भर घालू नये अशी ताकीद दिली. आपण ही घटना वाङ्मयेतिहासात आदराने शिकवतो, कारण ती नसती तर आपल्या हाती वेगळा ग्रंथ आला असता. पाठचिकित्सा ही ग्रंथाची दुरुस्तीच होय. फरक एवढाच, की संपादकाला मूळ पाठाकडे परत जायचे असते, तर ट्रकच्या मालकाला पुढच्या गावी जायचे असते. एकाला नवा शब्द घालण्याची मनाई, दुसऱ्याला नवा भाग घातल्यावाचून गत्यंतर नाही. वीस वर्षांत इंजिन बदलले, बॉडी बदलली, चाके बदलली, तरी गावकरी त्याला तोच ट्रक म्हणतात. ‘तेच’ म्हणजे काय, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न इथे रोजच्या व्यवहारात सुटलेला असतो. सांभाळणारे हात आणि येण्याचा नेम कायम राहिले की वस्तू तीच राहते.

भाषाही याला साक्ष देते. ‘दुरुस्ती’ हा शब्द फारसी ‘दुरुस्त’वरून आला; त्याचा अर्थ नीट, ठीक. तो परिपूर्णतेकडे बोट दाखवतो. ‘डागडुजी’ हा शब्द अधिक नम्र आहे. भांड्याला डाग देणे म्हणजे झाळणे, आणि डाग म्हणजे खूणही. डागडुजी केलेल्या वस्तूवर दुरुस्तीची खूण राहते आणि ती लपवण्याचा खटाटोप कोणी करीत नाही. कमान, पाटा, चाक, वंगण हे बैलगाडीच्या आणि लोहाराच्या जगातले शब्द ट्रकमध्ये जसेच्या तसे आले आणि स्टेपनी, टॉमी, गॅस्केट यांच्या शेजारी नांदू लागले. बंडीकडून ट्रककडे झालेले संक्रमण या शब्दांच्या वस्तीत वाचता येते.

या सगळ्याचे उदात्तीकरण मात्र करू नये. डागडुजी हा बव्हंशी गरिबीचा परिणाम होता. घाटात निकामी होणारे ब्रेक, उघड्या वायरी, कापडी तंबू आणि त्यात जळते कार्बन यांत धोका होता. १९५० च्या सुमारापर्यंत वापरात असलेली नायट्रेट फिल्म तर पटकन पेट घेणारी. ट्रकखाली झोपणाऱ्या पोराला ‘कारागीर’ म्हणणारे कोणी नव्हते. त्याची मजुरीही कारागिराची नव्हती. कौशल्याचे कौतुक करताना ते कोणत्या परिस्थितीत कमावले गेले, हे विसरता येणार नाही.

तरीही जे संपले ते केवळ जुने लोखंड नव्हते. २००५ नंतर उपग्रहाद्वारे चित्रपट पोचवण्याची डिजिटल पद्धत आपल्याकडे पसरत गेली. २०१३ मध्ये ‘फुजी’ने चित्रपटगृहांसाठीच्या फिल्मचे उत्पादन थांबवले. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. महाराष्ट्रातल्या फिरत्या सिनेमावाल्यांचा, गंजलेल्या ट्रकचा आणि प्रक्षेपक दुरुस्त करणाऱ्या कारागिराचा तो आलेख आहे. त्याआधी २०१३ मध्ये गजेंद्र अहिरे यांच्या ‘टुरिंग टॉकीज’ने हा विषय मराठी कथापटात आणला होता. पडद्यावर या जगाची आठवण निघाली ती ते मावळत असताना.

नवे यंत्र अधिक स्वच्छ चित्र दाखवते, यात वाद नाही. पण ते बिघडले तर मालकाला उघडता येत नाही. त्याची किल्ली संकेतशब्दाच्या रूपात दूर कुठेतरी असते. जुन्या यंत्राचा मालक गरीब होता, पण यंत्राच्या बाबतीत स्वाधीन होता. ही स्वाधीनता गेली, आणि ती गेल्याची नोंदही झाली नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. चाकांवरचे घर आता सुटीची चैन म्हणून परत येत आहे. त्याच मुलखात पूर्वी चाकांवर राहणाऱ्यांचे ज्ञान मात्र कोणत्याही ग्रंथालयात नाही.

ते अजून काही प्रमाणात माणसांच्या तोंडी आहे. आपल्या महाविद्यालयांत लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी विद्यार्थी ओव्या गोळा करतात, म्हणी गोळा करतात. खामगाव, चिखली, मेहकरच्या जुन्या गॅरेजांत जाऊन तिथल्या वृद्ध मिस्त्रींकडून अवजारांची, बिघाडांची आणि उपायांची शब्दसूची करणे हाही तितकाच रास्त प्रकल्प ठरेल. इंजिनाचा आवाज ऐकून दोष ओळखणाऱ्या माणसाकडे त्या प्रत्येक आवाजाला नाव असते. ती नावे कोशात नाहीत. ती सांगणारी पिढी आज सत्तरीच्या पुढे आहे.